वापस बोला

मास्तरांना निरोप सांगणं हे सोपं काम नव्हतं. निरोप साधाच असायचा, की आज दूधवाला येणार नाही. तो सांगून तुम्ही वळलात की मागून आवाज यायचा, थांबा, मी काय ऐकलं ते ऐकून जा. मग ते खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, आज दूधवाला येणार नाही. यावर आपण 'बरोबर' म्हणायचं. ते 'बरोबर' मिळेपर्यंत मास्तर असे बघत राहायचे की जणू दूध तुम्हीच पिऊन आलात. निरोप त्यांचा असेल तर पाळी आपली. "वापस बोला," म्हणायचे, आणि आपण शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असेल. कसलं काय, त्याला समोरच्या पीठगिरणीतलं बोलणं पट्ट्याच्या आवाजातूनसुद्धा ऐकू यायचं.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला ज्युनियर कॉलेजात नवा लागलो होतो आणि राहायला होतो मुर्रीला, म्हणजे गोंदिया जिथं संपतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात तिथं. मास्तरांच्या घराची रस्त्याकडची खोली माझ्याकडे होती. मास्तर म्हणजे नॅरोगेजच्या छोट्या लाईनवरचे निवृत्त स्टेशनमास्तर. सगळी नोकरी बालाघाटकडच्या जंगलातल्या एका स्टेशनात गेलेली, जिथं गाड्या थोड्या आणि माकडं फार. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि मला सर. शिकवायचो मी, पण धाक त्यांचा.

वापस बोलायचं हे खूळ तिथूनच आलेलं. छोट्या लाईनवर रूळ एकच. आपल्या स्टेशनातून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाला फोन करून विचारायचं, लाईन मोकळी आहे का. तो हो म्हणणार आणि एक आकडा देणार. तो आकडा आपण त्याला परत म्हणून दाखवायचा, तो 'बरोबर' म्हणणार, मग गाडी. हे मला त्यांनी इतक्या वेळा समजावलं की मी झोपेतसुद्धा गाडी सोडली असती.

"मले मालूम आहे, त्यालेबी मालूम आहे. तेवढ्यानं गाडी सुटत नाई," ते म्हणायचे. "मले मालूम आहे हे त्याले मालूम पाह्यजे. आन् त्याले ते मालूम झालं हे मले."

एकदा पुढच्या स्टेशनचा माणूस 'हो हो, सोड' म्हणाला आणि आकडा द्यायच्या आधीच फोन मेला. गाडीत वरात होती. मास्तरांनी गाडी सोडली नाही. वऱ्हाडी उतरले, नवरदेव बाशिंगासकट ऑफिसात येऊन उभा राहिला. दूरवर रूळ रिकामा दिसत होता, आणि पुढून काहीच येत नाही हे स्टेशनातल्या हमालापासून सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांचं म्हणणं एकच, की आपल्याला दिसतंय, पण आपल्याला दिसतंय हे त्याला ठाऊक आहे का? फोन सुरू होईपर्यंत मुहूर्त टळला. नवरीच्या गावचा मांडव उपाशी बसला. तो नवरदेव पुढे नातवंडांचा आजा झाला तरी बाजारात मास्तर दिसले की तोंड फिरवायचा, आणि हे मास्तर मोठ्या अभिमानानं सांगायचे.

मोबाईल तेव्हा नुकते हाती आले होते. गोरेगावहून एसटी निघाली की मी मास्तरांना मिस कॉल द्यायचा, म्हणजे ते फाटकाचं कुलूप काढून ठेवणार. फाटकाला दिवसाढवळ्या कुलूप, कारण बाहेर लोक होते. माझा मिस कॉल मिळाला हे कळवायला ते मला एक देणार. त्यांचा मिळाला हे कळवायला मी परत एक द्यायचा. मी एकदा गमतीनं विचारलं, की माझा दुसरा तुम्हाला मिळाला हे मला कसं कळणार? माणूस दोन दिवस नीट जेवला नाही. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे काकू, माझ्यावर चिडल्या, की सर, यांना असलं काही विचारत नका जाऊ. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला बोलावून निकाल दिला. तसं पाहिलं तर चौथा पाहिजे, मग पाचवाही पाहिजे, मग रात्रभर दोन्हीकडे रिंगच वाजत राहणार. म्हणून तिसऱ्याच्या पुढे भरोसा. भरोसा हा शब्द त्यांनी तोंड वाकडं करून उच्चारला होता.

कारण भरोसा त्यांचा कोणावरच नव्हता. मुलगा दिवाळीला येणार असं ते गिरणीवाल्याला सांगायचे आणि येणार नाही असं समोरच्या शिंप्याला. मग ओसरीवर बसून वाट बघायचे, की काकूंना विहिरीवर बायका काय विचारतात. "येऊन राह्यला का जी पोरगा?" असं कोणी विचारलं की मास्तर ओसरीवरून टाळी द्यायचे, बातमी गिरणीच्या लाईननं आली. मुलगा खरंच येणार आहे का, हे काकूंनाही शेवटपर्यंत कळत नसे. ती दोघं एकमेकांशी आपल्या पोवारी बोलीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत. मी खोलीत गेलो की ओसरीवर पोवारी सुरू व्हायची, आणि मला दर वेळी वाटायचं की विषय मीच आहे.

आता मला तसं का वाटायचं ते सांगतो. आमच्या भागात खोली भाड्यानं घ्यायला गेलं की आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव, मग मामाचं गाव. एवढ्यात काम होतं. नाही झालं तर मामाचं आडनाव. माझं आडनाव असं आहे की ते आमच्याकडे तीन समाजांत सापडतं, त्यामुळे मला मामापर्यंत जावं लागतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. मी बौद्ध आहे. हे मी कधी लपवलं नाही आणि कधी पाटी लावूनही फिरलो नाही, का फिरू? मुर्रीच्या आधी गोंदियात एका बाईंकडे होतो. मामाचा प्रश्न तिथं महिनाभर उशिरा आला. दुसऱ्या दिवशी बाईंचा पुतण्या शिकायला येणार असल्याचं निघालं आणि त्याला खोली लागणार होती. तो पुतण्या अजून आला नसेल.

मास्तरांनी मला ओसरीच्या पायरीवर उभं करून विचारलं नाही असं काही ठेवलं नाही. रेडिओ ऐकता का, किती मोठ्यानं, सायकल कुठं ठेवणार, झोपेत बोलता का, बोलत असाल तर काय. आडनाव मी सांगितलं, त्यांनी ते परत म्हणून दाखवलं, मी 'बरोबर' म्हणालो. आणि तिथंच थांबले. गाव नाही, मामा नाही. दुधाच्या भांड्यावर खडूनं रेघ मारून ठेवणारा माणूस मामाबद्दल विचारत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? मी खोली घेतली, पण ट्रंकेतलं सामान बरेच दिवस बाहेर काढलं नाही.

पुढचे कितीतरी महिने मी तोच एक विचार उलटापालटा करत होतो. यांना माहीत नसेल, तर कळेल त्या दिवशी पुतण्या येईल. माहीत असेल आणि तरी गप्प असतील, तर कशाची वाट बघतायत? मी सांगतो का, हे बघतायत? गिरणीवाल्याला एक आणि शिंप्याला दुसरं सांगणारा माणूस मलाही कुठंतरी पेरून बसला असेल. काकू कधी भाजीची वाटी आणून द्यायच्या. त्या वाटीच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका होता. दर वेळी तोच ठिपका. वेगळी काढलेली वाटी, मी मनाशी म्हणायचो, आणि भाजी चांगली असायची म्हणून जास्तच राग यायचा. चहाला काकू 'आत या' म्हणायच्या. मी म्हणायचो, इथंच बरं, वारा आहे. ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून मी चहा प्यायचो.

हिवाळ्यात आईचा निरोप आला, की आता डोळ्यांना दिवाही दिसत नाही. आई आमच्याकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याकडे, अर्जुनी मोरगावच्या बाजूला आमच्या गावी एकटी राहायची. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. डॉक्टरांनी बजावलं की ऑपरेशननंतर महिनाभर गोंदियातच ठेवा, औषध वेळच्या वेळी, चुलीचा धूर नको, धावपळ नको. ठेवायला माझ्याकडे ती एक खोली होती. डोळ्याला पट्टी असलेल्या बाईला घेऊन मी कोणाच्या पायरीवर जाऊन मामाचं गाव सांगत उभा राहणार होतो?

आणि माझी आई म्हणजे, माणूस दिसलं की जयभीम म्हणणारी. एसटीत चढली की कंडक्टरला जयभीम, उतरली की पानवाल्याला. समोरचा कोण आहे हे ती बघत नाही, समोर आहे एवढं तिला पुरतं. तिला 'जरा हळू' म्हणणं माझ्यानं झालं नसतं. झालं असतं तर मीच मला सहन झालो नसतो.

मास्तरांना जाऊन सांगितलं. त्यांनी परत म्हटलं, आई येऊन राह्यली, डोळ्याचं ऑपरेशन, महिनाभर. मी म्हणालो, बरोबर. मग ते माझ्याकडे बघत राहिले.

"आखीन काई सांगायचं आहे का?"

"नाही."

"काई नाई," त्यांनी परत म्हटलं. मी 'बरोबर' म्हणून खोलीत आलो. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

याच सुमारास गिरणीवाल्याला पत्ता लागला. त्याची सासुरवाड अर्जुनीकडची, कोणीतरी तिकडून दळण घेऊन यावं तशी बातमी घेऊन आलं असणार. तो दळता दळता मला विचारायला लागला, सर, तुमचे मामा कोण्या गावचे म्हणता? मी म्हणायचो, मामा नाहीत. खोटं नव्हतं, दोघंही वारले होते. मग तो मास्तरांकडे वळला. एका सकाळी मी खोलीत दाढी करत होतो आणि खिडकीखाली तो मास्तरांना सांगत होता, की किरायेदार जरा पाहून ठेवत जा जी. मास्तर म्हणाले, काय पाहू? तो म्हणाला, तुमाले मालूम आहे. मास्तर म्हणाले, मले काय मालूम आहे ते बोल ना. गिरणीवाला चप्पल घासत निघून गेला.

असं दोन-तीनदा झालं. त्याला वाटायचं मास्तरांच्या तोंडून निघावं, मास्तरांना वाटायचं त्याच्या. एव्हाना शिंप्याला कळलं होतं, विहिरीवरच्या बायकांना कळलं होतं. मी रस्त्यानं चाललो की बोलणं थांबायचं आणि हवापाण्याचं सुरू व्हायचं. पण कोणी कोणाला म्हणत नव्हतं. प्रत्येक जण असा वागायचा की आपल्याला ठाऊक नाही, आणि दुसऱ्याला ठाऊक असेल तर ते आपल्याला ठाऊक नाही. बोललं की कोणाला तरी काहीतरी करावं लागलं असतं, आणि न बोलता सगळ्यांचं दळण नीट चाललं होतं. मी मात्र वाळत चाललो होतो. कोण आधी तोंड उघडतो याकडे डोळे लावून बसायचं, आणि वर वर्गात पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवायचं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला ऑटोनं घेऊन आलो. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अजून आंधळाच. आमच्या फाटकासमोर ऑटो थांबला तेव्हा गल्ली भरलेली. गिरणीपुढे दळणाचे डबे रांगेत, शिंपी दुकान उघडतोय, बायका घागरी घेऊन उभ्या. मास्तर ओसरीवर खुर्चीत. मी आईचा हात धरून तिला उतरवलं. तिला काही दिसत नव्हतं, पण माणसांचा आवाज आला. तिनं हात सोडवून घेतला, दोन्ही हात जोडले आणि ज्या बाजूला आवाज होता त्या सगळ्या बाजूंना वळून, शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल अशा आवाजात म्हणाली, "जयभीम, बापा. जयभीम, बाई."

गिरणी चालू होती, तरी गल्ली गप्प झाली हे मला कळलं. आता कोणालाच 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नव्हतं. गिरणीवाल्यानं हात पुसले, माझ्याकडे बघितलं नाही, आईकडेही नाही. तो मास्तरांकडे बघत होता. शिंपी मास्तरांकडे बघत होता. बायका मास्तरांकडे. मनात मी ट्रंक भरायला घेतली होती.

मास्तर खुर्चीतून उठले. निरोप ऐकायला ते कधी उठत नसत. ओसरीच्या कडेला आले, हात जोडले.

"जयभीम, बाई," ते म्हणाले. "मिळाला."

मग ते फाटकाशी आले, कुलूप काढलं आणि आईच्या पलीकडे, गिरणीकडे बघून विचारलं, "तुले आयकू आलं का रे?"

गिरणीवाला म्हणाला, आलं जी.

"काय आयकू आलं? वापस बोल."

तो हसायचा प्रयत्न करू लागला. मास्तर हसले नाहीत. मुहूर्त टळला तरी गाडी न सोडणारा माणूस होता तो. फाटकात उभा राहिला, एक हात कडीवर. दळणाला आलेली माणसं खोळंबली. माझी आई त्या शांततेत तोंड पुढे करून उभी होती, कोणीतरी उत्तर देणार आहे एवढंच तिला कळत होतं.

"जयभीम," गिरणीवाला म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

"बरोबर," मास्तर म्हणाले. मग त्यांनी शिंप्याकडे मान वळवली. शिंप्यानं विचारायची वाट पाहिली नाही, आपणहून हात जोडले. आईला वाटलं, काय चांगली गल्ली आहे. ती ते पुढे वर्षभर गावात सांगत होती.

काकूंनी येऊन आईचा हात धरला आणि तिला माझ्या खोलीत न नेता सरळ आपल्या घरात नेलं. मी औषधं आणायला गेलो. खरं तर गल्लीतून बाहेर पडून मला एकट्यानं जरा उभं राहायचं होतं. आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मास्तर ओसरीवर होते. मी पायरीवर उभा राहूनच विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

पहिल्या दिवसापासून, म्हणाले. मी विचारलं, कसं काय, आडनावावरून तर कळत नाही. त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं.

"ज्याले मालूम आहे का आपल्याले आत घेतेतच, तो पायरीवर आला का चपला काढते. तुम्ही आडनाव सांगतले आन् चपला घालूनच उभे रायले. वापस जायची तयारी. अजूनबी तसेच आहा."

मी एकदम फार बोललो. म्हणालो, मग विचारलं का नाही? दूधवाल्याला दहादा विचारता. पावसाळा, दिवाळी, अख्खा हिवाळा मी इथं पुतण्याची वाट बघत जीव मुठीत धरून राहिलो, आणि तुम्हाला ठाऊक होतं. एका शब्दानं म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं? मास्तरांनी माझं संपू दिलं.

"इचारलं असतं तर तुम्ही सांगतले असते," मग ते म्हणाले. "मंग मले मालूम आहे हे तुमाले मालूम झालं असतं, गल्लीलेबी. मंग मले कोणतं तरी एक करा लागलं असतं. आन् मी कोणतं केलो असतो, याचा मले भरोसा नोता."

"कोणाचा?"

"माझा जी. गल्लीचा तर नोताच."

मी विचारलं, आणि आज?

"आज बाईनं इचारलं. जवाब देणं आलं." ते गिरणीकडे बघत म्हणाले. "गिरणीवाल्याले कायले बोलाले लावलं, समजले का? त्याले सुधरवाले नाई लावलं. माझ्यासाठी लावलं. आता साऱ्यायनं आयकलं, साऱ्यायनं पाह्यलं. उद्या मले मांगं फिरावंसं वाटलं तरी फिरता येत नाई."

मला त्यांचा राग होता, तो गेला नाही, आजही पुरता गेलेला नाही. एवढे महिने मी ज्याच्यावर संशय घेत होतो तो माणूस तेवढेच महिने स्वतःवर संशय घेत बसला होता, याचं काय करायचं ते मला कळेना. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती आणि काकूंना आमच्या गावच्या धानाचं सांगत होती. तिच्यामागे फळीवर भांडी पालथी लावलेली होती. ताटं, वाट्या, गंज, पाण्याचा गुंड, एकूण एक भांड्याच्या बुडाला लाल ठिपका. शेजारी भांडी बदलतात असा मास्तरांना संशय होता, हे काकूंनी नंतर हसत सांगितलं.

काकूंनी आतून हाक मारली, सर, चहा झाला, आत या. मी सवयीनं तोंड उघडलं, इथंच बरं, वारा आहे म्हणायला. वारा अजिबात नव्हता. मास्तर माझ्याकडे बघत होते, निरोप दिल्यावर बघायचे तसे.

मी चपला काढल्या आणि पायरी चढलो.

त्यांनी खाली बघितलं, चपलांकडे, मग माझ्याकडे.

"बरोबर," मास्तर म्हणाले.